तळघरातील धन्वंतरी

बोस्टन शहरातील चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या तळघरात विकृतिशास्त्राची एक लहानशी प्रयोगशाळा होती. वरच्या मजल्यांवर आजारी मुलांचे रडणे, आयांची घालमेल आणि परिचारिकांची धावपळ चाले. खाली मात्र फॉर्मॅलिनच्या उग्र दर्पात, सूक्ष्मदर्शकावर वाकलेला एक अबोल माणूस वर न वाचलेल्या मुलांच्या मृत्यूचे कारण शोधत बसलेला असे. १९२९ पासून जवळजवळ दोन दशके डॉ. सिडनी फार्बर यांचा मुलांशी संबंध येत होता तो असा, बहुतांशी मृत्यूनंतर. याच माणसाने पुढे जिवंत मुलांच्या रक्तातील कर्करोगाला औषधाच्या बळावर प्रथमच माघार घ्यायला लावली. मात्र हा रोग माघार घेतो तेव्हा कोठे दडून बसतो, हा एक नवा आणि अधिक कठीण प्रश्न त्याच विजयातून वैद्यकशास्त्रापुढे उभा राहिला.

सिडनी फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. कुटुंब पोलंडमधून आलेले, ज्यू. चौदा भावंडांत सिडनी तिसरे. वडील सायमन विमा व्यवसायात होते. घरात पैशाची चणचण असली तरी विद्येची नव्हती. वडील पाठ्यपुस्तके घरी आणीत, प्रत्येक मुलाला एकेक वाटून देत आणि त्याने ते पूर्ण आत्मसात करावे अशी अपेक्षा बाळगीत. थोरले बंधू मार्विन पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावारूपाला आले. सिडनी यांनीही बफेलो विद्यापीठात जीवशास्त्राबरोबर तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि संगीतगृहांत व्हायोलिन वाजवून शिक्षणाचा खर्च भागवला. १९२३ मध्ये ते पदवीधर झाले. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांना अगदी मोजक्या जागा मिळत. त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचे पहिले वर्ष त्यांनी जर्मनीत, हायडेलबर्ग आणि फ्रायबर्ग येथे काढले. तेथील यशाच्या जोरावर त्यांना हार्वर्डमध्ये दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले.

विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या ऊतींत घडवून आणलेल्या बदलांचा अभ्यास. फार्बर यांनी हाच विषय निवडला आणि १९२९ मध्ये ते चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे पहिले पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ झाले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा विवाह नॉर्मा होल्झमन यांच्याशी झाला होता. नॉर्मा पुढे कवयित्री आणि बालसाहित्यकार म्हणून प्रसिद्ध झाल्या. या दांपत्याला चार मुले झाली. शवविच्छेदनावरील फार्बर यांचे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वभावाने ते गंभीर, शिस्तप्रिय आणि काहीसे अलिप्त. कडक इस्त्रीचा सूट, नीटनेटकी मिशी आणि मोजके बोलणे हीच त्यांची ओळख होती. टेबलावरच्या प्रत्येक निष्प्राण बालकामागे वरच्या मजल्यावर ताटकळणारे आईबाप आहेत, ही जाणीव मात्र त्यांना शांत बसू देत नव्हती.

त्या बालकांपैकी अनेकांना तीव्र ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताचा कर्करोग, झालेला असे. या रोगात अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या श्वेतपेशींची वाढ अर्धवट अवस्थेतच थांबते आणि त्या अपक्व पेशी बेसुमार वाढू लागतात. निरोगी पेशींना मज्जेत जागाच उरत नाही. लाल पेशी घटल्याने मूल पांढरेफटक पडते, रक्तबिंबिका घटल्याने अंगावर काळेनिळे डाग उठतात आणि निरोगी श्वेतपेशींच्या अभावी साधा संसर्गही जीवघेणा ठरतो. लहान मुलांत या रोगाचा लसिकापेशींतून उद्भवणारा प्रकार सर्वाधिक आढळतो. १९४० च्या दशकात या निदानानंतर मूल काही आठवडे, फार तर काही महिने जगे. रक्त भरणे आणि वेदना कमी करणे यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. इतर डॉक्टरांनी हात टेकलेला हा रोग फार्बर यांनी मुद्दाम अभ्यासासाठी घेतला, त्यामागे एक व्यावहारिक कारण होते. पोटातील वा छातीतील गाठ औषधाने लहान झाली की नाही, हे त्या काळी कळणे अवघड होते. ल्युकेमियात मात्र रक्ताचा एक थेंब काचेवर पसरला की पेशी मोजता येत, आणि त्यामुळे औषधाचा गुण येतो की नाही हे चटकन ठरवता येई.

फार्बर यांच्या या लढ्याचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका गंभीर पंडुरोगाचा त्या अभ्यास करीत होत्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या आणि निकृष्ट अन्नावर गुजराण करणाऱ्या गरीब स्त्रियांना तो विशेषेकरून होई. यीस्टपासून बनवलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिल्यावर या स्त्रियांचे रक्त सुधारते, असे त्यांना आढळले आणि १९३१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. यीस्टमधील ज्या घटकाचा हा गुण होता, तोच पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. रक्तपेशींच्या निर्मितीला हे जीवनसत्त्व अत्यावश्यक आहे, हे ज्ञान परळमधील गिरणगावाच्या दारिद्र्यातून जगाला मिळाले.

फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार करण्याचे श्रेय लेडर्ले कंपनीतील ज्या गटाकडे जाते, त्याचे नेतृत्व डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले सुब्बाराव हार्वर्डमध्ये मौलिक संशोधन करूनही तेथे कायमची जागा न मिळाल्याने १९४० मध्ये या औषध कंपनीत आले होते. त्यांच्या गटाने १९४५ च्या सुमारास फॉलिक आम्लाचे संश्लेषण साधले. रक्ताला उपकारक असलेले हे द्रव्य ल्युकेमियातही गुणकारी ठरेल, या आशेने फार्बर यांनी त्याची संयुगे आजारी मुलांना दिली. परिणाम उलटाच झाला. रोग ओसरण्याऐवजी अधिकच फोफावल्याचे त्यांना दिसले. रुग्णालयातील सहकारी संतापले. मृत्युपंथाला लागलेल्या बालकांवर प्रयोग कसले करता, त्यांना शांतपणे जाऊ द्यावे, अशीच अनेकांची भावना होती. त्यातून हा माणूस चिकित्सक नव्हे, तळघरातला विकृतिशास्त्रज्ञ. या आक्षेपांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. आजचे संमतीचे आणि सुरक्षिततेचे नियम त्या वेळी अस्तित्वात नव्हते.

फार्बर यांनी मात्र या अपयशातूनच पुढचे सूत्र काढले. फॉलिक आम्लाने कर्कपेशी बळावत असतील, तर त्याची वाट अडवल्यावर त्या उपाशी मरायला हव्यात. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाशी मिळतीजुळती, पण पेशीला चकवणारी प्रतिद्रव्ये तयार होत होती. पेशी त्यांना फॉलिक आम्ल समजून स्वीकारते, परिणामी तिला नवा डीएनए बनवता येत नाही आणि तिचे विभाजन थांबते. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध डिसेंबर १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी दोन वर्षांच्या एका मुलाला दिले. रक्तातील श्वेतपेशींची भयावह वाढ थांबली आणि काही दिवसांत त्यांची संख्या उतरू लागली. अंथरुणाला खिळलेले मूल पुन्हा खाऊ लागले, चालू लागले. ३ जून १९४८ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये फार्बर आणि लुई डायमंड आदी सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध झाला. सोळा मुलांपैकी दहा मुलांमध्ये औषधाचा गुण दिसला होता. लेखाच्या शीर्षकातच ही सुधारणा तात्पुरती असल्याचे फार्बर यांनी नमूद केले होते. तो पहिला मुलगाही पुढे काही महिन्यांतच दगावला. याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव यांचे अवघ्या ५३ व्या वर्षी निधन झाले. आपल्या प्रयोगशाळेतील द्रव्यांचे मोल जगाला पुरते कळण्याआधीच ते गेले.

हार्वर्डमधील अनेकांचा या निष्कर्षांवर प्रथम विश्वास बसला नाही. पण फार्बर यांना आता तळघर अपुरे पडू लागले होते. २२ मे १९४८ रोजी एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमातून त्यांच्या एका बालरुग्णाचा आवाज अमेरिकाभर ऐकू आला. त्याची ओळख जपण्यासाठी त्याला जिमी असे नाव देण्यात आले होते. बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले आणि देणग्यांचा ओघ सुरू झाला. दोन लाख डॉलर्सहून अधिक निधी जमला आणि त्यातून उभी राहिलेली जिमी फंडाची इमारत जानेवारी १९५२ मध्ये खुली झाली. कर्करोगग्रस्त मूल ही केवळ एक रोगट मज्जा नाही, त्याचा आहार, शिक्षण, मनोधैर्य आणि आईबापांची ओढाताण हे सारे एकाच छताखाली सांभाळले पाहिजे, हा विचार फार्बर यांनी तेथे अमलात आणला. अबोल विकृतिशास्त्रज्ञ हळूहळू बालकर्करोगाचा सर्वांत प्रभावी प्रवक्ता झाला.

दरम्यान औषधे वाढत होती. अमिनोप्टेरिनची जागा त्याच कुळातील, पण तुलनेने सौम्य अशा मेथोट्रेक्सेटने घेतली. स्टेरॉइड आले, १९५३ मध्ये मर्कॅप्टोप्युरिन आले. आठवड्यांचे आयुष्य महिन्यांवर आणि क्वचित वर्षांवर गेले. आणि नेमके तेव्हाच एक विचित्र चित्र दिसू लागले. रक्त तपासावे तर निर्मळ, मज्जा तपासावी तर तीही स्वच्छ. पण मूल सकाळी उठताना डोके दुखते म्हणून रडे. मग उलट्या सुरू होत. एखाद्याला एकाच्या दोन वस्तू दिसत, एखाद्याचा अर्धा चेहरा लुळा पडे, एखाद्याला झटके येत. कमरेच्या मणक्यांतून सुई घालून पाठीच्या कण्यातील द्रव काढला की एरवी पाण्यासारख्या नितळ असणाऱ्या त्या द्रवात ल्युकेमियाच्या पेशी आढळत. रोग मेंदूभोवतीच्या आवरणांत जाऊन वाढला होता. मूल घरी परतले, शाळेत जाऊ लागले, म्हणून आनंदलेल्या आईबापांवर हा घाव पहिल्या निदानापेक्षाही जिव्हारी बसे.

असे का व्हावे, याचे उत्तर शरीररचनेत होते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातील बरीचशी द्रव्ये त्यांतून पलीकडे जाऊ शकत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या शिरेत रंग टोचले, तेव्हा सारे अवयव रंगले, पण मेंदू कोराच राहिला होता. विषापासून मेंदूचे रक्षण करणारी हीच तटबंदी औषधालाही अडवते. तोंडाने किंवा शिरेतून दिलेले मेथोट्रेक्सेट रक्त आणि मज्जा धुऊन काढी, पण नेहमीच्या मात्रेत ते मेंदूभोवतीच्या द्रवात पुरेसे उतरत नसे. शिरलेल्या मोजक्या पेशींना त्यामुळे तेथे अभय मिळे. पूर्वी मुले इतक्या लवकर दगावत की या पेशींना वाढायला अवधीच मिळत नसे. फार्बर यांच्या औषधांनी मुलांचे आयुष्य वाढवले आणि त्या वाढलेल्या आयुष्यातच हा छुपा शत्रू प्रकट झाला. मेंदूसाठी वेगळी काळजी न घेतल्यास निम्म्याहून अधिक मुलांमध्ये रोग तेथे उलटे, असे पुढे स्पष्ट झाले.

औषध तटबंदी ओलांडत नसेल, तर ते तटाच्या आतच नेऊन सोडावे, ही कल्पना १९५० च्या दशकातच पुढे आली. कमरेत घातलेल्या सुईतूनच औषध थेट कण्यातील द्रवात सोडले जाऊ लागले. लक्षणे ओसरत, पण बहुधा पुन्हा उलटत. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी वॉशिंग्टनजवळील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनी चार औषधे एकत्र देऊन मज्जेतील रोगाला अभूतपूर्व शह दिला. तेथेही अनेक मुलांचा घात अखेर मेंदूतील रोगानेच केला.

हे कोडे सोडवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते डॉ. डोनाल्ड पिंकेल फार्बर यांच्याच बफेलोचे. लष्करी सेवेत असताना पोलिओने गाठलेले पिंकेल त्यातून सावरत बोस्टनला आले आणि फार्बर यांच्या हाताखाली त्यांनी बालकर्करोगाचे धडे घेतले. १९६२ मध्ये मेंफिस येथे सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. त्यांचे तर्कशास्त्र सरळ होते. मेंदूतील रोग नंतर होत नाही. निदानाच्या दिवशीच काही पेशी तेथे पोहोचलेल्या असतात, फक्त त्या दिसत नाहीत. तेव्हा डोकेदुखीची वाट न पाहता मूल ठणठणीत असतानाच मेंदूवर उपचार केले पाहिजेत. धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या डोक्यावर किरणोत्सार करायचा आणि पाठीत वारंवार सुया टोचायच्या, हे आईबापांना पटवणे सोपे नव्हते. १९६७-६८ मध्ये पिंकेल यांच्या पाचव्या उपचारक्रमात ३५ मुलांना अनेक औषधांच्या जोडीने कवटीवर २४०० रॅड किरणोत्सार आणि कण्यात मेथोट्रेक्सेट देण्यात आले. त्यांपैकी जवळपास निम्मी मुले कायमची बरी झाली. तटबंदीबाहेर ताटकळणारे औषध तेच होते, सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतल्या कुळातले आणि फार्बर यांनी रुग्णाच्या खाटेपर्यंत नेलेल्या विचारातले. बदलली होती ती त्याची वाट आणि वेळ.

या काळात फार्बर यांचा बराच वेळ वॉशिंग्टनमध्ये जात होता. समाजसेविका मेरी लास्कर यांच्या साथीने त्यांनी अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे वर्षानुवर्षे साक्षी दिल्या आणि कर्करोग संशोधनासाठी सरकारी तिजोरी उघडायला लावली. १९५० च्या दशकाच्या मध्यास मुलांच्या मूत्रपिंडातील विल्म्स अर्बुदावर अॅक्टिनोमायसिन डी हे प्रतिजैविक परिणामकारक असल्याचे त्यांनी दाखवले होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि हे औषध यांच्या संगमातून पसरलेली गाठही बरी होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानंतर सव्वा वर्षाने, ३० मार्च १९७३ रोजी, बोस्टनमधील आपल्या कार्यालयात काम करत असताना हृदयविकाराच्या झटक्याने फार्बर यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेली संस्था आज डेना-फार्बर कर्करोग संस्था या नावाने जगाला परिचित आहे.

त्याच १९७३ मध्ये सेंट ज्यूडमधील प्राइस आणि जॉन्सन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ल्युकेमियाने दगावलेल्या शंभराहून अधिक मुलांच्या मेंदूंची त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली होती. पेशी प्रथम मेंदूच्या पृष्ठभागावरील जालावरणात, तेथील लहान शिरांच्या भिंतींत दिसतात. मग त्या द्रवात उतरतात, रक्तवाहिन्यांच्या कडेने खोलवर सरकतात आणि अगदी शेवटी मेंदूच्या प्रत्यक्ष ऊतींत घुसतात, असा क्रम त्यांनी मांडला. फार्बर यांच्या शास्त्राने, मृतांच्या साक्षीने जिवंतांना वाट दाखवण्याच्या त्या जुन्या शास्त्राने, आपले काम पुन्हा एकदा चोख बजावले होते. २०१८ मध्ये ड्यूक विद्यापीठातील डोरोथी सिपकिन्स यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक दार दाखवले. मणक्यांच्या आणि कवटीच्या हाडांतील मज्जेतून बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या छिद्रांमधून थेट मेंदूच्या आवरणांकडे जातात. ल्युकेमियाच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या आधारे या वाहिन्यांच्या बाहेरील बाजूला धरून सरपटत पलीकडे पोहोचतात. म्हणजे तटबंदी न फोडताच ही शेजारवाट त्या वापरतात. अर्थात ही एकच वाट आहे असे नव्हे; मेंदूतील रक्तस्रावाबरोबर किंवा रोगट रक्त द्रवात मिसळूनही त्या आत शिरू शकतात.

पिंकेल यांच्या उपचाराने मुले वाचली, परंतु किरणांची किंमत काहींना पुढे मोजावी लागली. कोणाची उंची खुंटली, कोणाला अभ्यास जड जाऊ लागला, तर काहींना अनेक वर्षांनी मेंदूत नवी गाठ झाली. म्हणून किरणांची मात्रा टप्प्याटप्प्याने घटवली गेली. २००९ मध्ये सेंट ज्यूडच्याच डॉक्टरांनी कवटीवर मुळीच किरणोत्सार न करता, कण्यातील आणि शिरेतील औषधांच्या काटेकोर योजनेने तितकेच चांगले यश मिळते हे दाखवले. प्रगत देशांत आज या रोगाची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

मुंबईचा धागाही तुटलेला नाही. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानेच गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेला न्यास या रोगावरील संशोधनाला साहाय्य करतो. परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने भारतीय मुलांसाठी उपचारक्रम राबवला, त्यात मेंदूच्या संरक्षणाला आरंभापासून स्थान होते. औषधे बहुतांशी जुनीच आणि परवडणारी आहेत. घात होतो तो उशिरा झालेल्या निदानाने आणि मूल बरे दिसू लागताच उपचार अर्ध्यावर सोडण्याने.

मूल हसू-खेळू लागले, रक्ताचा अहवाल निर्मळ आला, तरी पाठीत सुई घेण्यासाठी रुग्णालयाच्या फेऱ्या का माराव्यात, हा प्रश्न आजही अनेक आईबापांच्या मनात येतो. रक्तात न दिसणारा रोग नाहीसा झालेला असतोच असे नाही, हे त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राला असंख्य बालकांच्या मृत्यूतून शिकावे लागले. फार्बर यांनी १९४८ मध्ये आपल्या यशाला तात्पुरते म्हटले होते. ते तात्पुरतेपण पुसण्यासाठी त्यांच्या मागून आलेल्यांना तोच रोग मज्जेपासून मेंदूच्या आवरणापर्यंत पाठलाग करत गाठावा लागला. तळघरातून सुरू झालेल्या या प्रवासामुळेच आज असंख्य मुले मोठी होतात, शिकतात आणि स्वतः आईबाप होतात.